तुमच्या यादीतली ती एक खूण

प्रति,
‘दुःख आणि वियोग’ या विषयात काम करतो असं आपल्या माहितीत नोंदवणारे सर्व समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांना

सप्रेम नमस्कार.

माझा धाकटा भाऊ झोपेत गेला. वय ३९. कुठलं दुखणं नाही, कसली गोळी चालू नाही. आदल्या संध्याकाळी तो माझ्याशी फोनवर बोलत होता. मध्येच मला दुसरा फोन आला. ‘थांब, परत करते,’ म्हणाले आणि ठेवला. परत केला नाही. विसरले.

हे सुरुवातीलाच सांगते, कारण पुढच्या महिन्यांत तुमच्यापैकी चौघांना मी हेच सांगितलं आणि चौघांकडून चार वेगळी उत्तरं मिळाली. नाव कुणाचंही घेणार नाही. एकाचाही हेतू वाईट नव्हता, हे मनापासून मान्य आहे. पण योग्य माणूस सापडेपर्यंत सात महिने गेले, आणि इतकं शोधत फिरण्याचं बळ त्या दिवसांत माझ्यात नव्हतं. ते कुणातच नसतं. म्हणून हे पत्र.

मागणं एकच आहे. आम्ही तुमची माहिती वाचतो किंवा पहिला फोन करतो, त्याच वेळी आम्हाला कळू द्या की शोकात असलेल्या माणसासोबत तुम्ही नेमकं काय काम करता, कुणासोबत करू शकता आणि कुणासोबत नाही. हे कळायला सहा-आठ सेशन लागू नयेत.

मी शोध सुरू केला तो रात्री. झोप येत नव्हतीच. फोनवर तज्ज्ञांच्या याद्या उघडायचे. प्रत्येकाचा हसरा फोटो, पदव्या, आणि खाली खुणा केलेल्या विषयांची लांबलचक रांग: चिंता, नैराश्य, नातेसंबंध, झोपेच्या तक्रारी, परीक्षेचा ताण, व्यसन, पालकत्व, आत्मविश्वास, दुःख आणि वियोग. एकाच्या नावापुढे मी २३ खुणा मोजल्या. त्या खुणेचा अर्थ काय घ्यायचा? या विषयाचं वेगळं प्रशिक्षण घेतलं आहे असा? अशी माणसं नेहमी येतात असा? की आलं कुणी तर नाही म्हणणार नाही, इतकाच? तिन्ही अर्थ एकाच खुणेत बसतात. बाहेरून वाचणाऱ्याला त्यातला कुठला खरा, हे ओळखता येत नाही. त्यातून कित्येक देशांत ‘समुपदेशक’ किंवा ‘थेरपिस्ट’ हे शब्द कायद्याने राखीव नाहीत, त्यामुळे नावापुढच्या शब्दावरूनही फारसं काही कळत नाही.

त्या वेळी माझी अवस्था कशी होती, तेही सांगते. चार ओळींचा परिच्छेद मी तीनदा वाचायचे आणि तरी डोक्यात काही उरायचं नाही. एका तज्ज्ञांचा ऑनलाइन फॉर्म भरायला घेतला. नाव, वय, पत्ता, आणि पुढचा रकाना: ‘आणीबाणीच्या वेळी कुणाला कळवायचं?’ गेली कित्येक वर्षं प्रत्येक फॉर्मवर त्या रकान्यात मी धाकट्याचं नाव आणि नंबर लिहीत आले. बोटांनी सवयीने नंबर टाइपही केला. फॉर्म तसाच बंद केला आणि पुढचे तीन आठवडे दुसरा उघडला नाही.

१९४२ साली बॉस्टनमध्ये एका नाइटक्लबला आग लागून ४९२ माणसं मेली. त्या आगीत ज्यांची माणसं गेली त्यांच्याशी, आणि अशा इतरांशीही बोलून एरिख लिंडमन या मनोविकारतज्ज्ञाने १९४४ मध्ये तीव्र शोकाचं वर्णन लिहिलं. घसा आवळल्यासारखा होणं, श्वास अपुरा पडणं, सारखे उसासे, पोटात पोकळी, हातापायांतली ताकद जाणं. हे लाटांनी येतं आणि एकेक लाट वीस मिनिटांपासून तासाभरापर्यंत टिकते. त्याने आणखी एक गोष्ट टिपली होती. कुणी गेलेल्याचा विषय काढला, कुणी सहानुभूती दाखवली, की लाट उसळते. आणि हे एकदा लक्षात आलं की माणसं असे प्रसंगच टाळू लागतात.

हे वाचलं तेव्हा तीन आठवडे मी फॉर्म का उघडला नाही, ते मला कळलं. तुम्हाला फोन करायचा म्हणजे अनोळखी माणसासमोर ‘माझा भाऊ गेला’ हे वाक्य तोंडाने उच्चारायचं आणि ती लाट आपणहून अंगावर घ्यायची. तुम्ही म्हणता, ‘दोन-तीन जणांशी बोलून बघा, जुळेल तिथे जा.’ सल्ला योग्यच आहे. पण प्रत्येक फोन म्हणजे एक लाट. तीन जणांशी बोलायचं तर तीन लाटा, आणि पलीकडून ‘सध्या नवीन पेशंट घेत नाही’ असं उत्तर आलं तर ती सोसून हाती काहीच लागत नाही.

आता त्या चौघांविषयी.

पहिल्या तज्ज्ञांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि एक छापील कागद पुढे केला. त्यावर पाच पायऱ्या: नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. मी फोनचं सांगितलं. ‘परत केला असता तर तो वाचला असता का, हे सारखं मनात येतं,’ म्हणाले. त्यांनी तिसऱ्या पायरीवर पेनने गोल केला. ‘तुम्ही सध्या इथे आहात.’

तो कागद अजून माझ्याकडे आहे. पाच अवस्थांची ही मांडणी एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये केली, आणि ती केली स्वतःच मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ती नंतर लावली गेली, आणि सगळे जण या पायऱ्या ओळीने चढतात याला पुरावा मिळालेला नाही. हे तुम्हा सगळ्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक असणार. मग तो कागद आमच्या हातात का येतो? त्या दिवसानंतर मी रोज सकाळी स्वतःला तपासायचे: आज कितव्या पायरीवर? एखाद्या दिवशी बरं वाटलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा राग आला की वाटायचं, मी मागे गेले, माझं काहीतरी चुकतंय. शोक होताच, आता त्यात नापास झाल्याची भावनाही आली. दोन सेशननंतर मी जाणं सोडलं. का, ते त्यांना सांगितलं नाही, आणि तेव्हा सांगताही आलं नसतं.

त्यानंतर कितीतरी दिवसांनी मला मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांच्या मांडणीविषयी कळलं. १९९९ ची आहे. तिच्यात पायऱ्या नाहीत. शोकातला माणूस दोन बाजूंमध्ये ये-जा करत असतो, असं ते म्हणतात. कधी गमावलेल्यात बुडालेला, तर कधी बदललेल्या आयुष्याची कामं निस्तरण्यात गुंतलेला, आणि ही ये-जा हीच निरोगी गोष्ट. सकाळी रडून दुपारी वीजबिल भरण्यात मला जी लाज वाटत होती, ती या एका कल्पनेने गेली. पहिल्याच दिवशी कागद द्यायचा होता, तर हा दिला असता तर!

दुसऱ्या तज्ज्ञांना मी फोन केला तेव्हा धाकट्याला जाऊन चार महिने झाले होते. त्यांनी शांतपणे सांगितलं, ‘हे नैसर्गिक आहे. स्वतःला दोष देऊ नका. सहा महिन्यांनंतरही असंच वाटत राहिलं तर या.’ फोन ठेवला.

ते खोटं बोलले नव्हते. बहुतेक माणसं आपल्या माणसांच्या आधाराने, हळूहळू, थेरपीशिवायही यातून वाट काढतात. ज्याचं कुणी गेलं त्या प्रत्येकाला सरसकट थेरपी दिल्याने फारसा फरक पडत नाही. जे खरोखर अडकलेले आहेत त्यांना मात्र पडतो. हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. सहा महिन्यांचा आकडाही हवेतून आलेला नव्हता. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात लांबलेल्या शोकाच्या विकाराची स्वतंत्र नोंद आहे आणि त्या निदानासाठी किमान सहा महिने जावे लागतात. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या डीएसएम-५-टीआर या मानसिक विकारांच्या निदानपुस्तिकेतही हे निदान त्याच वर्षी आलं. तिथे मोठ्यांसाठी बारा महिन्यांची अट आहे, मुलांसाठी सहा.

पण ही अट निदानाची आहे. तुमच्या दारात उभं राहण्यासाठी नाही. चौथ्या महिन्यात आलेल्या माणसाला आजाराचा शिक्का मारू नका, हे योग्य. म्हणून त्याला रिकाम्या हाताने परत पाठवायचं असं नाही ना? मला त्या दिवशी तीन गोष्टी कळल्या असत्या तरी पुरे होतं: आत्ता होतंय त्यातलं काय अपेक्षित आहे, कुठली लक्षणं दिसली तर वाट न बघता लगेच फोन करायचा, आणि तोवर कुणाशी बोलायचं. पाच मिनिटांचं काम. शिवाय एक प्रश्न राहूनच गेला. ‘त्याच्या मागोमाग जावं असं कधी मनात येतं का?’ असं त्यांनी विचारलं नाही. माझ्या बाबतीत तसं नव्हतं. पण हे त्यांना कसं कळणार होतं? तो विचार डोकावून जाणं आणि त्याची तयारी मनात चालू असणं, यांतला फरक तुम्ही ओळखता; घरच्यांना तो ओळखता येत नाही. सरळ विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात नव्याने शिरत नाही, हेही तुम्हालाच माहीत आहे. मग पहिल्या फोनवर विचारा. प्रत्येकाला विचारा.

तिसऱ्या तज्ज्ञ मला मनापासून आवडल्या होत्या. शांत, ऐकून घेणाऱ्या. त्यांच्याकडे आठ सेशन झाले. पण आमचं बोलणं माझ्या भाषेत होत नव्हतं. त्यांना मराठी येत नव्हतं, आणि दुसऱ्या भाषेत माझं रोजचं काम उत्तम चालतं म्हणून मला वाटलं होतं, हेही चालेल. नाही चाललं. पोटात खड्डा पडतो, जीव थाऱ्यावर नसतो, घर खायला उठतं, आतून कालवाकालव होते: माझ्यापाशी हे शब्द होते, आणि तिथे मी ‘दुःखी’ आणि ‘चिंताग्रस्त’ एवढ्या दोनच शब्दांवर भागवत होते. धाकटा मला ‘ताई’ म्हणायचा. ताई म्हणजे मोठी बहीण, हे कुणालाही सांगता येतं. पण त्या हाकेत थोडी दादागिरी चालवून घेणं, थोडं लाडात येणं, अडलं की धावत येणं असं जे काय असतं, ते अर्थ सांगत बसलं की निसटतं. मी सेशनमध्ये भाषांतर करत होते आणि भाषांतर करताना रडू येत नाही. कामाच्या भाषेत बोलताना माझा आवाज आपोआप कामाचाच होत होता, आणि मी किती सावरलेय असं त्यांना वाटत राहिलं. ज्या भाषेत आम्ही दोघं भांडलो, त्याच भाषेत मला त्याच्यासाठी रडायचं होतं. कुठल्या भाषांत सेशन घेता, हे तुमच्या माहितीत ठळकपणे लिहा, एवढं तरी नक्की करा.

फोनची गोष्ट मी त्यांनाही सांगितली. त्या म्हणाल्या, ‘याबद्दल तुम्हाला काय वाटतं?’ मी सांगितलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग लहानपणाविषयी बोलणं सुरू झालं. सहाव्या सेशनला मी धीर करून विचारलं, ‘आपण नक्की काय करतो आहोत?’ ‘प्रक्रियेवर विश्वास ठेवा,’ असं उत्तर मिळालं. आठव्या सेशनला मी म्हणाले की मला पुढे येता येणार नाही. तेव्हा त्या थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, ‘खरं सांगू? शोक हे माझं मुख्य क्षेत्र नाही. पण माझ्या ओळखीच्या एक जणी आहेत, त्या याच विषयात काम करतात.’ आणि त्यांनी मला तो नंबर दिला.

त्या नंबराबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. पण तो नंबर पहिल्या दिवशीही त्यांच्याकडे होता. ‘हे माझं क्षेत्र नाही, यांना विचारा,’ हे वाक्य तुमच्यापैकी अनेकांना कमीपणाचं वाटत असेल. आमच्या बाजूने सांगते, आम्हाला त्यात कमीपणा दिसत नाही. एखाद्या तज्ज्ञाच्या तोंडून मला सात महिन्यांत मिळालेली सगळ्यात उपयोगाची गोष्ट तीच होती.

चौथ्या तज्ज्ञांशी पहिला फोन बारा मिनिटं चालला. नंतर मी तो वेळ बघितला, इतकं थोडक्यात इतकं सगळं झालं याचं मला आश्चर्य वाटलं. कोण गेलं, कधी, कसं, एवढं त्यांनी विचारलं. झोप, जेवण, काम. मागोमाग जावंसं वाटतं का, हेही विचारलं, तेही आवाज न बदलता. मग त्यांची पाळी. भावंड गमावलेल्यांसोबत आधी काम केलं आहे, असं म्हणाल्या. शिक्षण कुठलं, कुणाच्या देखरेखीखाली काम करतात, ते मी न विचारता सांगितलं. ‘माझी पद्धत साधारण सोळा आठवड्यांची आहे. त्यातले काही आठवडे जड जातील, आधी त्रास वाढल्यासारखा वाटेल. चौथ्या सेशनला आपण दोघी बसून बघू, उपयोग होतोय का ते. नसेल होत तर मी तुम्हाला दुसरीकडे पाठवीन, तुम्हाला पुन्हा शोधायला लावणार नाही. जागा तीन आठवड्यांनी आहे. तोवर रात्री फार जड गेलं तर कुणाला फोन कराल, ते आत्ताच ठरवूया.’

तीन आठवडे थांबणं मला अजिबात अवघड गेलं नाही. कशासाठी थांबतेय ते माहीत होतं.

या पद्धतीमागे कॅथरीन शिअर या मनोविकारतज्ज्ञांचं काम आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, शोकात अडकलेल्या माणसांसाठी खास आखलेली उपचारपद्धती आणि नैराश्यावर वापरली जाणारी, नातेसंबंधांवर भर देणारी आंतरवैयक्तिक मानसोपचार पद्धती यांची तुलना केली होती. खास पद्धतीने ५१ टक्के लोकांना गुण आला, दुसरीने २८ टक्के लोकांना. २०१६ मध्ये ३९५ जणांवरचा त्यांचा आणखी एक अभ्यास आला. त्यात नैराश्यावरच्या सिटालोप्राम या औषधाने शोकाच्या लक्षणांत म्हणावा तसा फरक पडला नाही. या थेरपीसोबत दिल्यावर नैराश्याची लक्षणं मात्र जास्त कमी झाली. हे आकडे मी मुद्दाम देते आहे. कारण माझ्या जवळच्या दोघांना एका सेशनमध्ये, शोकाबद्दल फारसं न विचारता, नैराश्याच्या गोळ्या लिहून मिळाल्या. गोळ्यांची गरज असेलही, ते ठरवणारी मी कोण! पण ५१ आणि २८ यांतलं अंतर म्हणजे खरीखुरी माणसं आहेत. बोलून मोकळं होणं आणि शोकावर नेमकं काम होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हाला बाहेरून कळायला कसलाच मार्ग नाही. तुम्हीच सांगायला हवं.

माझ्या बाबतीत ते काम असं झालं. दुसऱ्या सेशनला मी फोनची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, ‘तो फोनवर काय सांगत होता?’

सात महिन्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. घरच्यांनीही नाही, मी स्वतःलाही नाही. तो चष्म्याबद्दल सांगत होता. डोळ्यांचा नंबर वाढला होता, नवी फ्रेम त्याला आवडली नव्हती, बदलून घ्यावी का असं विचारत होता. एवढंच. सात महिने मी त्या अर्धवट राहिलेल्या बोलण्याभोवती फिरत होते आणि त्या बोलण्यात काय होतं तेच विसरले होते.

पुढे त्यांनी मला डोळे मिटून ती संध्याकाळ पहिल्यापासून सांगायला लावली, आणि सकाळी आलेला तो दुसरा फोनही. रेकॉर्डिंग केलं. घरी रोज एकदा ऐकायचं आणि ऐकून झाल्यावर स्वतःला बरं वाटेल असं काहीतरी करायचं, असं ठरलं. पहिला आठवडा भयंकर गेला. आधी सांगितलं नसतं तर मी तिथेच सोडून दिलं असतं. तिसऱ्या आठवड्यापासून ते ऐकताना माझा घसा आवळायचा थांबला.

मग एके दिवशी त्यांनी विचारलं, ‘तुम्ही दोघं कशावरून भांडायचात?’ मी चक्रावले. तो गेल्यापासून सगळेच त्याच्या चांगुलपणाबद्दल बोलत होते, मीही. वीस मिनिटं मी आमची भांडणंच सांगत होते आणि त्या वीस मिनिटांत तो मला पहिल्यांदा जसा होता तसा परत दिसला. शेवटी त्या म्हणाल्या, ‘आता त्याला विचारा, मी परत फोन केला नाही त्याचं काय? आणि त्याच्या बाजूने तुम्हीच उत्तर द्या.’ मला वाटलं, हे मला जमणार नाही. पण तोंडून निघून गेलं: ‘ताई, तू कधी परत फोन केला आहेस?’ तो असंच म्हणाला असता. दरवेळी तोच पुन्हा करायचा. त्याला हे माहीत होतं आणि तो त्यावरून कधी रुसला नाही. त्या दिवशी मी तिथे जितकी रडले तितकी त्याआधी कधी रडले नव्हते.

माझ्यापुरतं ठरलेलं हे उत्तर दुसऱ्या कुणाचं असेल असं मी म्हणत नाही. कुणाला गटात बसून बरं वाटेल, कुणाला शांत सोबतच हवी असेल. तिसऱ्या तज्ज्ञांची पद्धत दुसऱ्या कुणासाठी अगदी योग्य असू शकेल. म्हणूनच म्हणते, काय करता ते आधी सांगा.

भावंडांबद्दल थोडं. धाकटा गेल्यावर भेटणारा प्रत्येक जण मला विचारायचा, ‘आई-बाबा कसे आहेत?’ प्रश्न साहजिकच होता. पण काही महिन्यांनी मला वाटू लागलं की या दुःखावर माझा हक्क नाही, माझं काम फक्त त्यांना सांभाळायचं. केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा शोकाला नाव दिलं: ज्याला आजूबाजूची माणसं मान्यताच देत नाहीत तो शोक. त्यात मी एकटी नव्हते. गर्भपात झालेली बाई, घटस्फोटानंतर वारलेल्या नवऱ्यासाठी रडणारी बायको, जिचं नातं कुणाला ठाऊकच नव्हतं अशी मैत्रीण, ज्याच्या मुलाने स्वतःचा जीव घेतला आणि ज्याला लोक काय विचारावं ते न कळून टाळतात असा बाप. आणि ज्यांचं माणूस बेपत्ता आहे, किंवा स्मृतिभ्रंशाने समोर असून हरवलं आहे, ते. त्यांच्या या टांगत्या अवस्थेला पॉलीन बॉस यांनी संदिग्ध वियोग म्हटलं आहे. ‘दुःख आणि वियोग’ ही खूण वाचून यांतल्या कुणाला वाटेल का, की हे दार आपल्यासाठी आहे? बहुतेकांना वाटणार नाही. आधीच आपलं दुःख मोजण्याजोगं नाही असं त्यांच्या मनावर बिंबलेलं असतं. ‘गर्भपातानंतर’, ‘आत्महत्येनंतर’, ‘भावंडं गेलेल्यांसाठी’ असे दोन शब्द त्या खुणेशेजारी असले, तर ती माणसं फोन उचलतील.

याला वेळ कुठून आणायचा, असं तुम्हाला वाटत असेल. तुमच्याकडे येणारी माणसं खूप, तुम्ही थोडे, रोज दुसऱ्यांचं दुःख ऐकून तुम्हीही थकत असाल. याची मला जाणीव आहे. बारा मिनिटांचा फोन सगळ्यांना परवडणार नाही. पण लिहून ठेवायला एकदाच वेळ लागतो. आपल्या त्या २३ खुणांच्या पानावर दुःख आणि वियोग याखाली चार ओळी लिहा. कुठलं प्रशिक्षण घेतलं आहे. कुठल्या प्रकारच्या मृत्यूंनंतरच्या माणसांसोबत काम केलं आहे. सेशनमध्ये साधारण काय होतं, किती चालतं, कुठल्या भाषेत. आत्ता जागा आहे की नाही, आणि नसेल तर दोन नावं, जी तुम्ही स्वतःच्या घरच्यांनाही सुचवाल. तुमच्या फॉर्मवर ‘आणीबाणीत कुणाला कळवायचं’ हा रकाना असेल तर त्याखाली एवढंच छापा: ‘आज सुचत नसेल तर रिकामा ठेवा, भेटीत बघू.’

आणि ज्यांनी ही खूण केवळ रांगेत आली म्हणून केली असेल त्यांनी ती काढून टाकावी, ही विनंती. रागाने म्हणत नाही. यादीत नावं कमी झाली तर रात्री दोन वाजता फोन हातात घेऊन बसलेल्या माणसाला कमी नावं वाचावी लागतील, आणि उरलेल्यांपैकी कुणालाही फोन केला तरी पलीकडे हे काम जाणणारं माणूस असेल.

माझे सोळा आठवडे संपले. मला अजून त्याची आठवण येते, चष्म्याच्या दुकानावरून जाताना तर येतेच. चौथ्या तज्ज्ञांना मी अलीकडे फोन केला होता, एका ओळखीच्यांसाठी. त्यांची बायको गेली आहे आणि ते कुणाशीच बोलत नाहीत. ‘माझ्याकडे दोन महिने जागा नाही,’ त्या म्हणाल्या, ‘पण थांबा, दोन नंबर देते, लिहून घ्या.’

आपली,
एक ताई